नानांचा शौक

शौकीन नानांना बंद पडलेली वस्तू बघवत नसे. कुणाकडे चहाला बसले आणि भिंतीवरचं घड्याळ थांबलेलं दिसलं, की चहा निवला तरी चालेल, नाना स्टुलावर चढलेच. ते मिलमध्ये फिटर होते. पाळी संपवून आलेला माणूस आडवा होतो. हे रेडिओ उघडून बसायचे. शिवाय पेटी वाजवायची, गुलाबाची कलमं बांधायची, संक्रांतीला पतंग करायचे, होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायच्या. गोळ्यांनी कुणी बरं झालं नाही, पण कुणी दगावलंही नाही, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

इंदूर शहराच्या जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी, निम्मी हिंदी. पण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असे. "नाना, जरा बघता का?" नाहीतर "नाना, जरा देख लो." पैशाचं नाव काढलं की नाना कानाला हात लावत. माझ्या आईला म्हणायचे, "वहिनी, शौक आहे हो आपला. धंदा थोडीच करतोय!" गल्लीला हे वाक्य फार आवडलं. ते तिने कधीच विसरू दिलं नाही.

मग मिल बंद पडली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार लांबले, मग एके सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. नाना तरीही डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन येत. "चालू होईल हो. मशीनं तर एकदम बढिया आहेत," म्हणत. त्यांना बघवत नाही अशी सगळ्यात मोठी वस्तू समोर बंद पडली होती आणि तिला हात लावायची सोय नव्हती.

त्या वर्षीही अनंत चतुर्दशीला गणपतीच्या मिरवणुकीत मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, निघालीच. कामगारांनी वर्गणी काढून देखावा उभा केला, नानांनी मोटर बसवून हत्तीची सोंड हलवली. सगळं शहर बघायला लोटलं, टाळ्या पडल्या, मंचावरून हार घातले गेले. हार घालणाऱ्या एकानेही विचारलं नाही, की बाबांनो, घरी चूल पेटते का? त्या टाळ्यांचा मला अजून राग येतो.

शेवटी नानांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, दारावर पाटी लावली: रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करून मिळतील. लोक पाटी वाचून आत येत आणि म्हणत, "नाना, जरा बघता का?" काकू दाराआडून खुणावत, पण नानांच्या तोंडून आकडा निघत नसे. एकदाच निघाला. कोपऱ्यावरचे किराणावाले गुप्ताजी पंखा न्यायला आले, तेव्हा नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "गुप्ताजी, बीस रुपये दे देना."

गुप्ताजी मोठ्याने हसले. "क्या नाना, आप भी? आपका तो शौक था!" आणि पंखा उचलून चालते झाले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, नाना बदल गए. आमची मराठी मंडळी तरी कुठे मागे राहणार! "माणूस पैशाच्या मागे लागला हो," म्हणून तीही मोकळी झाली. हीच मंडळी बाजारातल्या दुकानदाराला तो मागेल ते निमूट देऊन येत. फुकट ते पौष्टिक, हेच आमच्या गल्लीचं खरं गोत्र. नानांनी स्वतःच पाटी उतरवली. वस्तू मात्र येतच राहिल्या.

पुढे ते टीव्हीच्या एका नव्या शोरूमवर चौकीदार झाले. जुना टीव्ही द्या, नवा घ्या, अशी स्कीम तेव्हा नवीनच आली होती. मागच्या अंगणात जुन्या टीव्हींचा ढीग पडलेला असे. त्यातला एक नानांनी दुपारी उघडला आणि चालू केला. त्यांना वाटलं, मालक खूश होईल. मालक म्हणाला, "ये चल गया तो नया कौन लेगा? यहाँ शौक मत करो, गेट देखो." हे मला नानांनीच सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. त्यानंतर ते खंगतच गेले. डॉक्टरांनी छातीच्या कसल्याशा आजाराचं नाव सांगितलं. मी ते मानत नाही.

गल्लीने शोकसभा मात्र थाटात केली. फळा लिहिणाऱ्याने एक मात्रा जास्त दिली होती, त्यामुळे चौकात 'शौकसभा' असं लिहिलेलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. चुकून का होईना, गल्ली खरं बोलली होती. गुप्ताजी माइकवर गळा काढून म्हणाले, "बड़े दानी आदमी थे. कभी किसी से एक पैसा नहीं लिया." लोकांनी डोळे पुसले. काकू कोरड्या डोळ्यांनी बसून होत्या.

तेरावं झाल्यावर गुप्ताजी दारात आले. मी काकूंजवळच होते. "भाभीजी, हमारा मिक्सर नाना के पास पड़ा था. देख लिया था क्या उन्होंने?"

काकू उठल्या. मिक्सर आणला, पिन लावून चालवून दाखवला. झकास चालला. गुप्ताजींनी हात पुढे केले, तशी काकूंनी मिक्सर स्वतःकडे ओढला.

"पहले मजूरी."

गुप्ताजी हसायला गेले, पण काकूंकडे बघून त्यांना ते जमलं नाही. त्यांनी खिशातून नोट काढून दिली. काकूंनी ती घेतली, मिक्सर दिला आणि दार लावलं. मग दाराला पाठ टेकून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं सोपं होतं गं ते!"

आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या.