फ्रॉकचा बंद आणि माथेरानची दरी

मिरा रोडच्या आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधून टॅक्सी निघाली तेव्हा माझ्या पर्समध्ये आईच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेरळच्या दोन दवाखान्यांचे नंबर होते. आई मात्र काच खाली करून मजेत वारा खात बसली होती. ब्याऐंशीव्या वर्षी तिने हट्टच धरला होता, "एकदा माथेरानचं ते हॉटेल दाखवून आण." अँजिओप्लास्टीला जेमतेम सहा महिने झालेले. डॉक्टर म्हणाले, "न्या, पण चालवू नका, एकटं सोडू नका." तेवढ्यानेच माझी झोप उडाली.

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही गिरगावातून तिथे जायचो. लाल मातीने पाय रंगायचे. जेवणाची घंटा झाली की मुलं व्हरांड्यातून धावत सुटायची. मला कशाचीच भीती वाटायची नाही. परतताना माझ्या फ्रॉकचा एक तरी बंद तुटलेला असायचा. करवंदीच्या जाळीत अडकला, असं मी वर्गात ऐटीत सांगायचे.

घाटातल्या प्रत्येक वळणावर मी आईच्या श्वासाकडे कान लावून होते.

"अगं, आहे मी अजून," ती म्हणाली.

दस्तुरीला (इथून पुढे मोटारींना बंदी) उतरून ई-रिक्षा केली. हॉटेल तेच होतं, फक्त कौलं जाऊन पत्रे आले होते. आईला खुर्चीत बसवून मी काउंटरवर नाव-पत्ता लिहायला वाकले. वळले तर खुर्ची रिकामी.

व्हरांडा पाहिला, खोल्या पाहिल्या, बाथरूमचं दार ठोठावलं. फाटकाशी एक घोडेवाला उभा होता.

"आजी? त्या काय, कठड्याकडं गेल्या की आत्ता."

मी धावले. चपलेचा पट्टा तुटला, तशीच अनवाणी धावले. आई दरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"सांगून जायचं नाही? जीव गेला असता माझा!" मी ओरडलेच.

"किती खोल आहे गं ही," ती म्हणाली.

"सात उन्हाळे इथे आलीस, आणि आज कळतंय?"

"मी कुठे दरी बघायचे? तू कठड्यावर चढायचीस. मी तुझ्या फ्रॉकचा बंद धरून तुझ्या पाठीकडे बघत असायचे. किती बंद तुटले हातात. आज बघू दे मला."

मला एकदम रडू आलं. घोडेवाल्याने खुर्ची आणून दिली. जेवणाची घंटा झाली तरी आई हलली नाही, आणि मीही तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरा रोडला परतलो. आई पुढे घरात गेली. लिफ्टपाशी शेजारच्या हंसाबेनने मला थांबवलं.

"कैसा था? ऊपर से व्यू तो मस्त दिखता होगा ना?"

मी आठवून पाहिलं. आठवला तो आईचा छोटासा अंबाडा, उन्हाने तांबूस झालेली तिची मान आणि माझ्या मुठीत चुरगळलेलं तिच्या पदराचं टोक.

"मम्मी को पूछो," मी म्हटलं. "मैंने नहीं देखा."