पाटील लोटा होत नाही

माही कुसुममावशी इतवारीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालते. मावसाजी गेले तेव्हा तिनं त्यांची मशीन मांडीवर घेतली अन् मनोहररावांच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर, मावसाजींच्याच जागी जाऊन बसली. चांगलं चालून राहिलं होतं. मग ऐन लगीनसराईत मनोहररावांनी भर गिऱ्हाइकात तोंड उघडलं, "लग्नाच्या भांड्याले विधवेचा हात नको. उठा इथून." मशीनची वायरही स्वतःच उपटली त्या माणसानं. आजही आठवलं की माहं डोकं तापते.

मावशी सक्करदऱ्याले घरी आली. रडली नाही. "त्याचे शब्द त्याच्याच घशात घालीन," एवढंच म्हणे. कसे घालणार, ते तिलेही माहीत नव्हतं. लग्नाचं सगळं काम तर गेलंच होतं.

तिचं मन रमावं म्हणून मी तिच्या मोबाइलात एक फुकटचा गेम टाकून दिला. गेम कसला, निव्वळ भंगार! म्हैस पाठीवर उलटी चालते. बाईची वेणी गळ्यातून आरपार जाते. रडणारे न् हसणारे, सगळे एकाच आवाजात खिदळतात. पण गोष्ट अशी अतरंगी, बाप्पा! गावानं हाकललेली एक बाई परत येते. तिले जो जे वाईट बोलला, ते ती त्याच्याच भांड्यावर कोरते. त्यातून पाणी पिला की तो स्वतःच भांडं होऊन जाते. कोतवालाचा भाताचा गंज झाला, त्याच्या बायकोचा झारा.

"अवं, हे तर आपलंच काम!" मावशी खूश झाली. गेम सुरुवातीलेच त्या बाईले हाकलणाऱ्या पाटलाचं नाव विचारे. तिनं टाकलं, मनोहर.

शेवटी या पाटलाचा लोटा व्हायले पाहिजे. नेमका तिथंच गेम अटके. पाटील अर्धा भिंतीत रुतून हसत राहे. मावशी दातओठ खाई अन् पुन्हा पहिल्यापासून लावे.

"दुसरा टाकून देऊ का?" मी म्हणलं.

"खबरदार! याचा लोटा केल्याशिवाय मी मरत नाही."

यंदा मनोहररावांच्या पोरीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, विहिणीच्या मानाच्या ताटावर नावच नाही. दुकानातला नवा माणूस गावी गेलेला, बाकी कोणाले सवड नाही. मग साहेब आमच्या मागच्या दारात हजर. "कुसुमताई, एवढं करून द्या. पण कोणाले सांगू नका."

"नाव सांगा."

"श्रीमती पुष्पलता यांना सप्रेम."

मावशीनं मान वर केली. भांड्यावर सौ. घातलं म्हणजे नवरा आहे, श्रीमती म्हणजे गेलेला. "विहीणबाई विधवा आहेत?"

"हो. पण त्यांचं वेगळं आहे."

"असंन," मावशी म्हणे. "उद्या हॉलवर आणून देते."

ते गेले. मग मशीन जी घरघरली, ती बराच वेळ घरघरतच राहिली. मले काही तिनं पाहू दिलं नाही.

ताट लाल कापडात बांधून आम्ही दोघी हॉलवर गेलो. मनोहररावांनी घाईत ते तसंच विहिणीच्या हाती दिलं. पुष्पलताबाईंनी कापड सोडलं अन् रीतीप्रमाणे सगळ्यांले ऐकू जाईल असं वाचलं. आपलं नाव वाचून झालं तरी त्या वाचतच राहिल्या. "लग्नाच्या भांड्याला विधवेचा हात नको, असे मनोहरराव म्हणतात. नाव घालणारी, त्यांनी ओट्यावरून उठवलेली श्रीमती कुसुम."

पुष्पलताबाईंनी ताट परत मनोहररावांच्या हातात ठेवलं. "मग मी कशी चालते हो या लग्नात?"

मनोहररावांनी मावशीकडं पाहिलं, तशा पुष्पलताबाईही तिच्याकडं वळल्या.

"या बाईले ओट्यावर परत बसवतो म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा. मग लग्न लावू."

ते म्हणाले. दोन हात जोडून मावशीची माफीही मागितली. मावशीनं ती दिली नाही. ताट छातीशी धरून ते तसेच उभे होते, मांडून ठेवलेल्या लोट्यासारखे. मावशीनं मले कोपरानं ढोसलं.

"पाह्य वं दामिनी," ती म्हणे, "या वेळी नाही अटकला."