चोंगे बाहेर, पब्लिक आत

"भाऊ, मैत्रिणी सांगून राहिल्या, शब्द आयकूच नाही येत," प्रगती स्टेजवरून वाकून मला म्हणाली. दुसरं गाणं नुकतंच संपलं होतं. टाळ्या पडल्या त्या तेवढ्या मैत्रिणींच्याच. मागची पोरं उठून चहाच्या टपरीकडे निघाली होती.

मी गोंदियाचा साउंडवाला. मंडईची जत्रा, दंडारीचे खेळ, लग्न, सभा, सगळं केलेलं. रॉक बँड मात्र पहिल्यांदाच. केशोरीकडच्या एका कॉलेजचं गॅदरिंग होतं. मोबाईल नुकतेच सगळ्यांच्या हातात आले होते, तेव्हाची गोष्ट.

तिथं दरवर्षी ऑर्केस्ट्रा यायचा. त्या वर्षी बी.ए.च्या प्रगतीनं आणि तिच्या तीन मित्रांनी हट्ट धरला की आमचा बँड वाजवू द्या. बिचाऱ्यांनी बंद राईस मिलच्या गोदामात सहा महिने प्रॅक्टिस केली होती. गाणी प्रगतीनं स्वतः लिहिलेली. प्रिन्सिपल सर कसेबसे तयार झाले, पण अट घातली. पोरं कंटाळली, तर पुन्हा बँडचं नाव काढायचं नाही. त्या दुपारच्या तासाभरात काय ते ठरणार होतं.

आणि पब्लिकला ऐकू येत होतं नुसतं ढम ढम. ड्रम आणि बेस गिटार. बाकी सगळा गोंगाट.

मी प्रगतीच्या माइकचा आवाज वाढवला. लगेच कानठळ्या बसवणारी सीटी वाजली. याला फीडबॅक म्हणतात. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की तो गोल गोल फिरत राहतो आणि किंचाळतो. आवाज कमी केला की सीटी बंद, पण पोरगीही बंद.

प्रिन्सिपल सर तरातरा आले. "ये क्या लगा रखा है? पोरीचा आवाज कुठं आहे?"

"सर, ते हळू गाऊन राहिली," मी म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण म्हणालो. प्रगतीनं ते ऐकलं. तिसरं गाणं ती अक्षरशः ओरडली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आवाज फाटायला लागलेला. तरी खाली काही पोचेना.

तेवढ्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी सायकल लावून माझ्याजवळ आला. मी स्टेजच्या मागं मशीन मांडून बसलो होतो. म्हणाला, "काऊन जी, कोन गाऊन राहिली? बांधावर बसून आयकून राहिलो होतो. एकेक शब्द साफ आयकू येते, तो बी तीन-तीनदा."

 मी मान वर करून स्पीकर बांधलेल्या बांबूंकडे बघितलं. अरे बाप्पा!

आमच्याकडे मंडईला साउंडवाल्याची परीक्षा एकच असते, आवाज किती गावं गेला. म्हणून चोंगे, म्हणजे ते कर्ण्यासारखे स्पीकर, मांडवाबाहेर तोंड करून बांधतात. गाणाऱ्याचा आवाज त्यातूनच जातो. मी सवयीनं तसेच बांधले होते, स्टेजच्या मागंसुद्धा दोन. प्रगती शेतांना गाणं ऐकवत होती आणि समोर बसलेल्यांच्या वाट्याला फक्त डबे, म्हणजे ते ढम ढमवाले खोक्यांसारखे स्पीकर. वर मंडईतल्या अनाउन्सरसाठी ठेवलेला इको तसाच चालू. एक शब्द तीनदा घुमत होता.

मी सरांना म्हणालो, "सर, दहा मिनिटं द्या. पोरीची चूक नाही. माझी आहे."

सरांनी घड्याळ बघितलं. "दहाच."

चाळिशीतलं पोट घेऊन मी स्वतः बांबूवर चढलो. स्टेजमागचे चोंगे बंद केले. पुढचे दोन्ही खुर्च्यांकडे फिरवले. इको शून्यावर आणला. मग प्रगतीला म्हणालो, "बाई, आता ओरडू नको. बोलल्यासारखं गा."

ती बसलेल्या गळ्यानं गायली. गावातून बाहेर जाणाऱ्या बसचं गाणं होतं. दुसऱ्या कडव्याला टपरीवरची पोरं परत आली. शेवटची तीन गाणी कुणी जागचं हललं नाही. एक गाणं तर पुन्हा गायला लावलं. माझा जीव भांड्यात पडला.

अर्धा कार्यक्रम मी वाया घालवला, ते काही भरून निघालं नाही. पण सर जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी पण बँडच. साउंडचं मात्र बघावं लागेल."

मी प्रगतीची माफी मागितली. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भाऊ, मले तं वाटलं, मले गाताच नाही येत."

तेव्हापासून पहिलं गाणं सुरू झालं की मी मशीन सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. गाणाऱ्यावर खापर फोडायच्या आधी तेवढी पन्नास पावलं चालावीत.