दाजींची चारची तपासणी

सोमवारी सकाळी दाजी गेले.

माणसाच्या यकृतावर इतका जीव असलेला माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वरवंडला राहायचे आणि दौंडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. यकृतात साखरेचा साठा असतो, जेवण झालं की इन्सुलिन त्याला कुलूप घालतं, पोट रिकामं झालं की ग्लुकागॉन ते उघडतं, आणि माणूस दचकला की अ‍ॅड्रिनलिन थेट दारच ढकलतं, एवढी गोष्ट ते मयतीलाही सांगू शकत. वर्गात मागून जाऊन स्टीलचं ताट आपटत, पोरं बाकावरून उडाली की शांतपणे म्हणत, "आता यकृतानं साखर सोडली. लिहून घ्या." माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले होते. यकृत आपला साठा साऱ्या शरीराला वाटतं, स्नायू मात्र स्वतःपुरताच वापरतो. केंदूरला आमच्याकडच्या लग्नात एका आप्पांनी बुंदीची परात स्वतःपुढेच अडवून धरली, तेव्हा दाजी म्हणाले, "आप्पा, तुम्ही निव्वळ स्नायू!" आप्पा दंड चाचपत खूश झाले. "व्हय, तालमीतलं शरीर हाय."

पुढे ताईला इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली. "साखर एकदम उतरली तर यांना कळणारही नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि दाजींची झोप उडाली. लाडकं यकृत ऐन वेळी दार उघडेल, याची आता त्यांनाच खात्री राहिली नाही. म्हणून रोज दुपारी चारला ते ताईशी भांडण उकरून काढू लागले.

"तुझ्या माहेरचा चहा म्हंजी नुसतं गरम पाणी."

"मग सतरांदा कशाला जाता ढोसायला?"

दाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "जीभ चालतीय, म्हंजी मेंदूला साखर पोचतीय."

एके दिवशी त्यांनी अख्ख्या केंदूरचा उद्धार केला. ताई नुसतंच "व्हय" म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली. दाजींनी धावत जाऊन साखरेचं पाणी केलं, घोटघोट पाजलं. थोड्या वेळानं ताई म्हणाली, "किती सांडलंय हे! मुंग्या काय तुम्ही वेचणार?" दाजी तिथंच फरशीवर बसले आणि तिच्या पदरात तोंड लपवून रडले.

परवा ताई मला म्हणाली, "तपासतात ते कळायचं रे मला. पण राग खराच यायचा."

आता दुपारी चारला ती बोटाला सुई टोचून मशीनवर साखर बघते. मी समोर बसतो. ती आकडा सांगते.