फुकटची वायर

मन्मथआप्पा गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली. आमच्या जुन्या गल्लीचा ग्रुप आहे, त्यावर. वर कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक, खाली नळाला पाणी कधी येणार याची चौकशी, आणि या दोहोंच्या मधे आप्पांचा फोटो, शेजारी समईचं चित्र. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती. एकानं चुकून अंगठा दाखवला होता आणि तो काढायचे कष्टही घेतले नव्हते. मी दुकानात होतो, बोअरच्या पंपाचं गिऱ्हाईक समोर बसलं होतं. त्याला म्हटलं, उद्या ये. तो म्हणाला, "भाव तुटंना म्हणून घालवताय व्हय शेट?" मी गल्ला बंद करून उठलो. ज्या माणसाशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो, त्याच्या घरी मला जायचं होतं.

त्यांच्यात मयताला मांडी घालून बसवतात. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, कपाळभर भस्म, गळ्यात हार. रोज संध्याकाळी रेडिओसमोर बसायचे तसेच. आणि त्यांच्या गुडघ्याजवळ कुणीतरी एक ब्लूटूथचा डबा आणून ठेवला होता. मोबाइल शेजाऱ्याच्या खिशात, भजन डब्यातून. भजन म्हणजे काय, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज. धृपद संपता संपता ते मधेच तुटलं आणि एक बाई लाडात येऊन विचारू लागली, तुमचे गुडघे दुखतात का... तेलाची जाहिरात. मेलेल्या माणसाच्या गुडघ्याजवळ. कुणी हललं नाही. शेजारी मोबाइल काढून ती जाहिरात कापायचं बटण कधी येतंय याची वाट बघत उभा. बायका डोळ्याला पदर लावून बसलेल्या, पुरुष घड्याळाकडं बघत. मी उठून भिंतीकडं गेलो. तिथं आप्पांचा रेडिओ, मोठा, लाकडी पेटीचा, आणि त्याच्या डोक्यावर चहाचे सात-आठ उष्टे कागदी कप. एक लवंडून ओघळ खालच्या जाळीपर्यंत आला होता. मी कप उचलले, ओघळ रुमालानं पुसला आणि तो डबा बंद केला. आप्पांचा मुलगा मल्लू पुण्याला कंपनीत आहे, तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, राहू द्या की. एकदम शांत झालं तर बरं न्हाय वाटत."

या माणसानं उभं आयुष्य यंत्रातून आवाज नीट यावा म्हणून घालवलं होतं. शेवटच्या दिवशी त्याच्या वाट्याला हे आलं.

आमची ओळख एका सौद्यात झाली. घराघरात टीव्ही आले तेव्हा लोकांनी जुने रेडिओ माळ्यावर टाकून दिले होते. मी सायकलवर गावोगाव फिरून ते उचलायचो आणि भूमच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून विकायला बसायचो. बापानं मला मागं काही ठेवलं नाही, जीभ तेवढी दिली. त्या जिभेवरच मी पुढं दुकान उभं केलं, प्लॉट घेतला, घर बांधलं. तर त्या बाजारात आप्पा आले. धाराशिवला जुन्या स्टँडजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्याकडची सगळ्यात मोठी पेटी त्यांनी पालथी केली, मागचा पुठ्ठा काढून आत डोकं घातलं आणि कितीला म्हणून विचारलं. मी निम्म्यावर यायची तयारी ठेवूनच आकडा सांगितला. त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले... मला राग आला. सौदा हे दोघांचं काम आहे. समोरचा दोरी ओढतच नसेल तर आपण तोंडावर पडतो. मी म्हटलं, आप्पा, घासाघीस करायची असती. ते पेटी उचलत म्हणाले, "तू पाठीवर टाकून आणलीस. तुझ्या पाठीला किती कळ लागली, ते मी सांगणार व्हय?"

हा माणूस मूर्ख आहे की मला मूर्ख ठरवून गेला, हे मला आठवडाभर कळेना. शेवटी एसटी धरून मुद्दाम त्यांच्या दुकानात गेलो. पेटी पुसून, पॉलिश करून टेबलावर ठेवली होती. त्यांनी बटण फिरवलं. आवाज नाही. मला वाटलं, आता हा पैसे परत मागणार, आणि मी भांडायची तयारी केली. आप्पांनी नुसता हात वर केला. "थांब. जागं होऊ दे त्याला." जुन्या रेडिओत काचेचे दिवे असतात, ते तापल्याशिवाय आवाज फुटत नाही, हे मला रेडिओ विकूनही ठाऊक नव्हतं. अर्धा मिनिट गेला. आत पिवळं उजळलं, घूं असा बारीक आवाज आला आणि मग आपल्या शेजारी बसून कुणी बोलावं तशा बातम्या सुरू झाल्या.

तेव्हापासून आमचं जमलं, मीही धाराशिवला त्यांच्याच गल्लीत बिऱ्हाड केलं. आप्पांना खरेदी करता येत नव्हती, मला ऐकता येत नव्हतं. त्यांचं सामान मी घासून आणायचो आणि संध्याकाळी त्यांच्या बाकावर बसून ऐकायचो. पुढं एक इंटरनेटचं दुकान बंद पडलं, तिथला कॉम्प्युटर मीच त्यांना मिळवून दिला. दुकानदार रडकुंडीला आला होता, तरी मी वर माउस आणि खुर्ची घेतली. आप्पांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावून पेटीच्या पाठीवरची दोन भोकं दाखवली. पूर्वी तबकड्यांचं यंत्र जोडायला ठेवलेली होती ती, चाळीस वर्षांत कुणी हातही लावला नव्हता. त्यात त्यांनी कॉम्प्युटरची वायर आणली होती. त्यातही अक्कल होती. कॉम्प्युटरमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात, पेटीला तोंड एकच. दोन्ही नुसते पिळून जोडले तर एकमेकांवर चढतात, म्हणून त्यांनी मधे दोन बारके रेझिस्टर टाकून त्यांना जणू रांगेत उभं केलं होतं. पुन्हा तोच अर्धा मिनिट... आणि मग कॉम्प्युटरमधलं गाणं रेडिओतून आलं. त्याच कॉम्प्युटरला आधी छोटे प्लॅस्टिकचे स्पीकर होते, त्यातून तेच गाणं मी ऐकलं होतं. तिथं गाणं ऐकू यायचं. इथं गाणारा माणूस आला होता.

मग लोक कॅसेटी घेऊन यायला लागले. आप्पा त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे, खरखर काढायचे आणि द्यायच्या आधी गिऱ्हाइकाला पेटीसमोर बसवून ऐकवायचे. सास्तूरचे एक म्हातारे आपल्या भजनी मंडळाची कॅसेट घेऊन आले होते. आप्पांनी तीन दिवस खपून ती लख्ख केली. म्हातारा ऐकत बसला, मान डोलवत होता, मग एके जागी थबकला. परत लावा म्हणाला. परत थबकला. "हितं एक खोकला हुता." आप्पा म्हणाले, व्हय, तो काढला. म्हातारा म्हणाला, "माझ्या भावाचा हुता तो. गातच नव्हता, नुसता टाळ घेऊन बसायचा. भूकंपात गेला." आप्पांनी खोकला परत घातला. त्यानंतर विचारल्याशिवाय त्यांनी कुणाच्या कॅसेटीतलं काही काढलं नाही.

आता माझ्या घराची वास्तुशांत. ती मला लिहायलाच हवी.

हॉलसाठी मी मोठं होम थिएटर घेतलं. सोलापूरच्या दुकानात अर्धा दिवस बसलो, दोनदा उठून चालू लागलो, दोन्ही वेळा मालकानं परत बोलावलं. सौदा ठरल्यावर मी वर काहीतरी घेतोच, सुतळीचा तुकडा का असेना. म्हटलं, लॅपटॉप जोडायची वायर फुकट टाका. त्यानं ड्रॉवरमधून कुठली तरी काढून टाकली. त्याचा माणूस येऊन सगळं बसवून गेला. वास्तुशांतीला दीडशे माणूस. आहेर, फोटो, सगळं झाल्यावर मी लॅपटॉपवर अभंग लावला. पखवाज असा वाजला की खिडकीच्या काचा थरथरल्या. टाळ एका कोपऱ्यातून, हार्मोनियम दुसऱ्या कोपऱ्यातून. लोक वा वा करायला लागले. वकील, नगरसेवक, माझे व्याही, सगळे. कुणी म्हणालं, थेटरात बसल्यासारखं वाटतंय. काहीतरी चुकतंय असं मलाही वाटत होतं, पण एवढं महाग यंत्र, म्हटलं नव्या तऱ्हा असतील.

आप्पा दाराजवळ उभे होते. ते म्हणाले, "बाळू, गाणारा कुठं गेला?"

खरंच गाणारा नव्हता. भिंतीपलीकडून कुणी कण्हावं तेवढा आवाज, बाकी नुसती वाद्यं. आप्पा लॅपटॉपपाशी गेले. वायर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणली होती. त्यांनी वाकून बघितलं आणि सरळ बोलले, "वायर फुकटात घेतलेली दिसतीय. तोकडी हाय. ओढून पिन निम्मी भाईर आलीय, त्यानं मधला आवाजच मरतो, गाणाऱ्याचा." व्याही म्हणाले, शेटनं यंत्र घेतलं आणि वायरनं शेटला घेतलं. सगळा हॉल हसला. आत्ता वा वा करणारेच सगळ्यात मोठ्यानं हसले. दीडशे माणसांत एकालाही गाणारा नसल्याचं कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि जेवणाची पंगत बसायची होती. त्या तोंडांची मला आजही किळस येते. पण त्या दिवशी मी त्यांना काही बोललो नाही. आप्पांना बोललो. म्हटलं, "भंगारातल्या पेटीला कान लावून बसणाऱ्यानं मला शिकवू नये. जेवा आणि जावा."

आप्पा जेवले. पंगतीत बसून, गव्हाची हुग्गी, आमच्याकडची खीर, दुसऱ्यांदा मागून घेऊन जेवले. अन्नावर राग काढणारा माणूस नव्हता तो. हात धुतले, माझ्या बायकोला जेवण चांगलं झालं म्हणून सांगितलं आणि गेले.

हे मला कानात सांगता आलं असतं. मी हे तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. त्यांनी बोट वायरवर ठेवलं, लागलं ते माझ्या उभ्या धंद्याला. आप्पा खरं बोलले, पण ते बोलायची ती जागा नव्हती. चार दिवसांनी एक रिक्षावाला दुकानात पुडकं देऊन गेला, आप्पांनी पाठवलंय म्हणाला. वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेलं. आत काय असणार ते हाताला कळलं. उघडलं नाही. परतही पाठवलं नाही, कारण फुकट आलेली वस्तू परत करायची मला सवय नाही. ड्रॉवरमध्ये टाकलं, वर पाइपांचे कॅटलॉग पडत गेले. घरातली वायरही मी बदलली नाही. टीव्हीचा आवाज दुसऱ्या वायरनं यायचा, तो ठीक होता. गाणी लावायचं बंद केलं. कुणी फारच आग्रह केला तर लावायचो, आणि समोरचा बिनागाणाऱ्याच्या गाण्याला वा वा करतो का ते बघत बसायचो. सहा वर्षांत एकानंही विचारलं नाही. एकदा स्टँडबाहेर आप्पा भूमच्या गाडीची वाट बघत उन्हात उभे दिसले. मी कारमध्ये होतो. त्यांनी हात थोडासा वर केला. मी काच वर घेतली... हे लिहिताना माझाच मला वीट येतोय, पण आप्पांबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, हे होणार नाही.

दिवस झाल्यावर आठवड्यानं मी परत गेलो. मल्लू सामान आवरत होता. भंगारवाल्याला सांगितलंय म्हणाला. मी पेटीकडं बघतोय हे बघून म्हणाला, "काका, तुमीच न्या की ती. फुकट न्या." आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला शिवीसारखा लागला. मी तोंड उघडायच्या आत आतून वहिनी आल्या, आप्पांच्या मंडळी. मुलाला म्हणाल्या, पेटी हाय तिथं ऱ्हाईल, भंगारवाल्याला कॉट दाखव. मग माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता सहा वर्षांचं सगळं काढतील. मी ऐकून घ्यायचं ठरवूनच गेलो होतो. त्या म्हणाल्या, "वायर पुरली का हो भावजी? ते लई दिवस म्हणायचे, लांबी नुसती डोळ्यानं मोजलीय, पुरतीय का न्हाय कुणास ठाऊक."

मी म्हटलं, पुरली वहिनी.

तिथून सरळ दुकानात गेलो. ड्रॉवर उपसला. दोरा कापला. आत काळी वायर, एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन, कथलाचा डाग दिलेल्या जागी रंगीत दोरा घट्ट गुंडाळलेला, उजव्या आवाजाच्या पिनेला लाल, डाव्याच्या पिनेला पांढरा. घरी येऊन जुनी वायर ओढून काढली आणि ही लावली. टेबलापासून भिंतीकडं गेली, भिंतीच्या कडेनं यंत्रापर्यंत गेली आणि वर वीतभर सैल उरली. माणूस कुठून चालेल, कुठं पाय अडकेल, तेही धरून मोजलेली. मी सगळ्यांसमोर त्यांना जेवा आणि जावा म्हणत होतो, तेव्हा त्या माणसाची नजर हे माप घेत होती.

बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. यंत्राचा दिवा लागला होता. माझं बोट बटणावर होतं, पण मी दाबलं नाही.

ती म्हणाली, "चालू हाय की ते. लावा."

म्हटलं, "थांब. जागं होऊ दे."