चौगुले सरांचे चार सेकंद

दुपारचे तीन म्हणजे सांगलीच्या त्या कचेरीतली अवघड वेळ. तेव्हा तिथली पेंग अशी, की भिंतीवरची पाल जांभई देता देता खाली पडते म्हणतात. शाल्मली मगदूमच्या पापण्या जडावल्यात आणि चारच्या आत तिला एक आकडा बदलायचाय.

कंपनी दवाखान्यांसाठी संगणकावरची नावनोंदणीची पानं बनवते. भूपाल चौगुले सरांनी एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, असं लिहून ठेवलंय, की चाळीस पानं त्यालाच हाक मारतात. माणूस रकान्यात टाइप करतो, बोट थांबतं, आणि याचं लिहून झालं की नाही, हे ते फंक्शन ठरवतं. बाकीचे प्रोग्रामर अर्धा सेकंद वाट पाहायला लावतात. सरांनी चार सेकंद ठेवलेत. लोक कंटाळतात, अर्धा कर, असं मालक निनादचं म्हणणं. चार का, हे विचारावं तर सर गेल्या चैत्रात गेले. शाल्मली आकडा पुसायला बोट उचलते आणि डोळा लागतो.

समोर सर भडंग खात बसलेत. माणूस गेला, भूक शाबूत.

"माझे साडेतीन सेकंद कापतीस व्हय गं?"

ती निनादचं नाव पुढं करते. सर शेंगदाणा चघळतात, आणि टेबल दवाखान्याची खिडकी झालेलं असतं. खिडकीशी सरांच्या आई, आक्का, एका बोटानं जन्मसाल टाइप करतायत. एक, नऊ, चार. पुढं काय? गावात पटकीची साथ आली त्याच्या दुसऱ्या वर्षी की तिसऱ्या, हे आक्का पेरांवर मोजायला लागतात. तेवढ्यात अर्धा सेकंद संपतो आणि पडदा एकशे चौऱ्याण्णव हेच साल धरून जाहीर करतो: वय अठराशे पंचवीस.

"तरीच कंबर धरलीया," आक्का म्हणतात.

त्या दिवशी चाराचा आकडा घातला, सर सांगतात. "माणूस थांबला म्हणजे संपला, असं नसतं गं."

शाल्मलीला हसू येत नाही. सरांच्या शेवटच्या संध्याकाळी ती हॉस्पिटलात भेटायला गेली होती. तिचं नाव घेऊन सर काही सांगायला लागले आणि मध्येच थांबले. दमले, झालं बोलून, असं वाटून ती येते म्हणाली आणि उठली. पहाटे ते गेले. ते अर्धं वाक्य तेव्हापासून तिला नीट जेवू देत नाही.

खिडकीचा आता लोखंडी पलंग झालाय. सर उशीला टेकलेत.

"शाल्मली, ते तुझं..."

ती बसून राहते. एक. दोन. सलाइनचा थेंब अर्ध्यातच लोंबकळतो. तीन. चार. सात होतात, नऊ होतात, ती हलत नाही.

"...ओढणी. पलंगाच्या चाकात अडकलीय. उठलीस की टर्रकन फाटेल."

त्या संध्याकाळी जिन्यात तिला ओढणीचा फाटका पदर दिसला होता. कशानं फाटला, ते कळलं नव्हतं.

"एवढंच होतं, सर?"

"मग काय, मरताना श्लोक म्हणायचे? दिवाळीची ओढणी, नवी."

सर कण्हत खाली वाकतात, चाक उलटं फिरवतात, एकेक धागा सोडवतात. जाडजूड बोटं, पण एक धागा तुटत नाही. सोडवलेलं टोक ते तिच्या मुठीत ठेवतात, लेकीच्या हातात खाऊ ठेवावा तसं.

"आता जा. सावकाश."

डोळे उघडतात तर निनाद शेजारी उभा. चार वाजून गेलेत. झालं का, तो विचारतो. आकडा चारच राहणार, ती सांगते. तो कारण विचारतो. सांगते, म्हणते ती, पण शब्द लगेच सापडत नाहीत, आणि निनाद, कधी नव्हे तो, गप्प उभा राहतो.

मांडीवरची ओढणी सारखी करायला जावं, तर टोकाला काळं वंगण. ओलं, बोटाला लागणारं. खुर्चीच्या चाकाचं असेल म्हणाल, तर तिची खुर्ची लाकडी, चार सरळ पायांची. आणि ही ओढणी दुसरीच, कोरी; घडी तिनं आज सकाळीच मोडलेली.