बाईचं वावर

भाऊजींचा अकोल्याहून फोन आला तेव्हा मी वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करत होतो. "बाई गेली रे," एवढंच ते म्हणाले... दुपारच्या झोपेतच. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होती, उभी नोकरी तिनं नद्यांच्या काठांवर काढली. फोन खिशात ठेवला आणि नजर आपोआप पूर्णेकडे गेली. ऐन उन्हाळा, नदी पार आटलेली. तरी वाटलं, हिला सांगायला हवं.

आमच्या गावाची एक जुनी खोड आहे. पावसाळा तोंडावर आला की जो तो आपल्या वावराचा बांध, आमच्या बोलीत धुरा, चढवतो. आपल्यात पाणी नको, शेजाऱ्याकडे गेलं तर गेलं. मग शेजारी त्याहून उंच चढवतो आणि दोघंही वर रामराम करतात. आबा, म्हणजे आमचे वडील, यात कुणाला हार जाणारे नव्हते. टोपल्यांनी माती टाकायला आम्ही भावंडं असायचो. मी मुकाट टाकायचो. बाई विचारायची, "मंग आबा, त्या पान्यानं जावं कुठं?" आबा म्हणायचे, "जाईन त्याच्या मसनात!" मी तो प्रश्न विसरलो, बाईनं तो जन्मभर सोडला नाही.

पुढे आमच्याच पट्ट्याच्या पूरनियंत्रणाचा आराखडा तिच्याकडे आला. घरची पोरगी म्हणून गाव खूश! मारुतीच्या पारावर बैठक भरली. गावाला आपल्या काठानं सलग उंच बांध हवा होता, म्हणजे सगळ्या गावाचा मिळून एकच धुरा. बाईनं काठीनं मातीत नदी काढून दाखवली. आपला काठ चढवला की पाणी समोरच्या सखल काठावरच्या बौद्ध वस्तीत, थेट घरांत शिरणार. तेव्हा बांध होईल, पण वळणावर एक तोंड खाली राहील, दगडांनी बांधलेलं. पूर तिथून आपल्या वावरात येईल, पसरेल, दमेल आणि ओसरला की परत जाईल. "खरीप नदीले द्या, रब्बी तुमी घ्या," ती म्हणाली. ते तोंड कुणाच्या वावरात, असं कुणीतरी विचारलं. काठीचं टोक टेकलं होतं ती आमची जमीन होती. घरातली सगळ्यात कसदार, आबांचा जीव की प्राण.

"तुले बापाचंच वावर सापडलं काय?" आबा कडाडले.

"नदी तिथंच वळते, आबा. म्या काय करू?"

आबा उठून गेले. त्यानंतर बाई माहेरी आली की ते बाजेवर पाठ करून बसत, आणि ती त्या पाठीशीच बोलत राही... जेवले काय, गोळी घेतली काय. पण 'नाही' असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. बांध झाला, तोंड राहिलं.

आणि भादव्यात पूर्णा फुगली. बाई जीपनं आली, बांधावर उभी राहिली. थोड्या अंतरावर आबा, त्यांच्या मागे मी. तांबूस, गढूळ पाणी वर वर चढत आलं, बांधाला घासत पुढे सरकलं आणि नेमकं त्या तोंडाशी येऊन आत वळलं. आरडाओरडा नाही, धडक नाही. आमच्या सोयाबीनवर ते असं पसरत गेलं की बघता बघता वावराचं तळं झालं. पलीकडे वस्तीतल्या बाया दारात उभ्या होत्या, पाय कोरडे. माणसानं नदीला दार ठेवावं आणि नदीनं ते ओळखून आत यावं! माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आजही, हे लिहितानाही, येतो आहे. आबा बाईजवळ सरकले. मग म्हणाले, "जिथून म्हनली होती, तिथूनच आलं वं माय... तुह्या वावरात."

तेव्हापासून ते बाईचं वावर. आबा जाईपर्यंत त्यांनी त्याला दुसरं नाव घेतलं नाही. आमच्याकडे लेकीला जमीन देताना भल्याभल्यांचा हात अडतो, तिथं हे घडलं. हिवाळ्यात त्या गाळावर असा हरभरा आला की टोमणे मारणारेही बियाणं मागायला आले.

निवृत्तीनंतरही बाई दर उन्हाळ्याच्या शेवटी यायची. घरात पाऊल टाकण्याआधी ती त्या तोंडाशी जायची आणि तिथं माजलेली बेशरमची झुडपं स्वतः उपटून बांधावर वाळत टाकायची. पाणी अडवायला बेशरमसारखं दुसरं झाड नाही. मी मजूर लावतो म्हटलं की हसायची. "तू धुरा चढोनारा मानूस. तुह्यावर भरोसा नाही मले."

परवा मीच विळा घेऊन गेलो. मनातून भांबावलो होतो, कारण शेजाऱ्यानं आडून विचारलं होतं, बाई तर गेल्या, आता ते तोंड बुजवता काय... पोहोचलो तर तोंड लख्ख साफ. उपटलेली बेशरम बांधावर मुळं वर करून, बाई टाकायची तशीच, वाळत पडलेली. दगडावर पलीकडच्या वस्तीतल्या पंचफुलाबाई हात झटकत बसल्या होत्या. त्यांच्यामागे आणखी चार-पाच बाया.

मी विळा खाली ठेवला. त्याच म्हणाल्या, "पान्याचे दिवस आले, भाऊ. बाईचं दार बंद कसं ठेवावं?"